हिरवी पट्टी

‘सदर घटनेस खेळाडूच्या आईने केलेली चुकीची धुलाई कारणीभूत आहे.’

कंपनीच्या तीन पानी अहवालातलं हे शेवटचं वाक्य वाचून मी चहाचा कप बेसिनमध्ये इतक्या जोरात आपटला की त्याचा कान तुटून माझ्या हातात राहिला. सतरा वर्षांची पोरगी नऊ दिवस अतिदक्षता विभागात पडून होती. तिची मूत्रपिंडं बंद पडता पडता वाचली. आणि या शहाण्यांना गुन्हेगार सापडला तो कोण, तर तिची आई!

मी पद्मजा मगदूम. इचलकरंजीच्या एका कापड तपासणी प्रयोगशाळेत तेवीस वर्षं काम करते. कापड ताणायचं, घासायचं, उकळायचं, धुऊन धुऊन त्याचा जीव काढायचा आणि शेवटी ते पास की नापास ते लिहायचं, हा माझा धंदा. या कंपनीची पळणाऱ्यांसाठीची ‘शीतांग’ जर्सी पास झाल्याच्या प्रमाणपत्रावर माझी सही आहे. म्हणूनच तो अहवाल माझ्याकडे ‘माहितीसाठी’ आला होता.

आधी कापडाविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्यावरून भांडणारे बहुतेक लोक अडाणी असतात. सुती कापड अंगाला गोड लागतं, पण ते घाम पिऊन बसतं. दहा किलोमीटर पळणाऱ्याच्या अंगावर ते ओल्या पोत्यासारखं जड होतं आणि काखेत घासून रक्त काढतं. पॉलिस्टर घाम पीत नाही. धाग्यांमधल्या बारीक वाटांनी तो वर ओढतं आणि वाऱ्यावर सुकवतं. त्याला कुबट वास येतो, धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पंचगंगेत जातात, हे सगळं खरं. पण पळताना तेच बरं. ‘आपलं सूतच खरं’ म्हणून छाती पिटणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात सुती बनियन घालून दहा किलोमीटर पळून दाखवावं, मग मी त्यांचं ऐकेन.

शीतांग ही पॉलिस्टरच्या पुढची पायरी होती. २०३४ साली ती बाजारात आली. तिच्यातला एक धागा असा होता की त्याला विजेचा बारीकसा दाब दिला की तो गार पडायचा, आणि ती वीज पळणाऱ्याच्या हालचालीतूनच तयार व्हायची. दुसऱ्या धाग्याच्या पोटात एक चिकट जेल भरलेलं होतं. ते घामातलं मीठ मोजायचं. शरीर तापलं की घाम वाढतो, घामाबरोबर मीठ येतं. त्या मिठाच्या चढउतारावरून शरीर आतून किती तापलंय, घाम वाहतोय की आटत चाललाय, याचा अंदाज जर्सी बांधायची आणि गळ्याभोवतीच्या पट्टीवर दाखवायची. पट्टी हिरवी असेल तर पळत राहायचं, पिवळी झाली तर जपून, आणि लाल झाली की थांबायचं.

मी सांगते, कापड चांगलं होतं. पहिल्या वर्षी त्या पट्टीने राज्यात कितीतरी पोरांना वेळेत थांबवलं. मग माणसं चेकाळली.

शर्यती पहाटे सहाला असायच्या. प्रक्षेपण करणारे म्हणाले, रविवारी सकाळी सहाला टीव्ही कोण लावतं? शर्यत अकरावर गेली. शीतांग आहे ना अंगात! दर दोन किलोमीटरवरचं पाण्याचं टेबल पाच किलोमीटरवर गेलं. तीन रुग्णवाहिकांची एक झाली. मग जर्सी सक्तीची झाली. आणि शेवटी राज्याच्या मैदानी खेळ संघटनेने नियम केला की पट्टी हिरवी असेपर्यंत डॉक्टरलासुद्धा खेळाडूला शर्यतीतून बाहेर काढता येणार नाही, कारण त्याने खेळाडूचं नुकसान होतं. हा नियम ज्याने लिहिला त्याला मी आजही शोधते आहे.

तेजल वरुटे पडली ती या नियमात बसून पडली. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी पावणेबाराला, आठव्या किलोमीटरला. तेव्हा ऊन एकोणचाळीस डिग्री होतं आणि तिच्या अंगातला ताप जवळपास बेचाळीस. रस्त्यावर पडली तेव्हा तिची पट्टी हिरवीगार होती.

तिचा प्रशिक्षक माझा नवरा, भूपाल. तो सातव्या किलोमीटरला उभा होता. ती त्याच्यासमोरून गेली तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या होत्या.

* * *

अहवाल बॅगेत कोंबून मी तेजलच्या घरी गेले. तिची आई शालन वहिफणीचं काम करते. मागावर चढवायच्या ताण्याचे हजारो धागे एकेक करून फणीतून ओवायचे, दिवसभर मान मोडून. अशा बाईला कापड कसं हाताळायचं ते कळत नाही, असं पुण्यातल्या एसीत बसून कोणीतरी लिहिलं होतं.

तेजल भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. दोनच महिन्यांपूर्वी हिच्या पायांना बसायला वेळ नसायचा. आता घोटे सुजलेले होते.

‘कशी आहेस गं?’

‘बरी हाय, मॅडम.’ मग तीच म्हणाली, ‘मला गार वाटत हुतं. सरांस्नी सांगा. शेवटपातुर अंगाला गार लागत हुतं, म्हणून मी थांबले न्हाई.’

तेच तर. कातडीला गारवा मिळाला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आखडतात. आतली उष्णता बाहेर यायचा रस्ताच बंद होतो. बाहेर ओसरी गार आणि आत भट्टी. पट्टीने वेळेत लाल व्हावं म्हणून तर ती होती.

शालनने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. ‘ते पुण्याचे साहेब आलते,’ ती म्हणाली. ‘लुकतुके. लई गोड बोलत्यात. म्हणाले, चूक झाली असं लिहून द्या. मग तेजलला घेऊन जाहिरात काढणार हायत. “कापड नीट धुवा, जीव वाचवा.” टीव्हीवर.’

‘तुम्ही दिलंत लिहून?’

‘शनवारी द्यायचं हाय. स्टेडियमवर, संघटनेच्या बैठकीत.’

‘अहवालात लिहिलंय तसं मिठाच्या पाण्यात घातलं होतंत का खरंच?’

‘घातलं की! नवं रंगीत कापड घरात आलं की मिठाच्या पाण्यात बुडवायचं, म्हंजे रंग जात न्हाई. कोष्ट्याच्या घरात शेंबडं पोरगं बी सांगंल तुमास्नी. जर्सी गडद जांभळी, शाळंची चड्डी पांढरी. मी म्हटलं, डाग पडंल. बादलीत चांगलं वंजळभर मीठ घातलं.’ तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. ‘माझ्या हातानं घातलं मॅडम. रोज त्याच हातानं तिला जेवाय वाढते.’

आणि मी काय करावं? मी मास्तरीण झाले. सुताच्या रंगाला मीठ चालतं पण हे प्लॅस्टिक आहे, याच्यात रंग वितळवूनच घातलेला असतो, याला मिठाची गरज नसते, उलट आतल्या जेलमध्ये ते मीठ जाऊन बसतं आणि मग जर्सीला जुनं मीठ आणि ताजा घाम यांतला फरक कळत नाही, घाम आटला तरी तिला वाटतं वाहतोय... बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की शालनने मान वर केली आहे.

‘म्हंजे तुम्हीबी त्येंच्यातल्याच,’ ती म्हणाली. ‘मला एक सांगा. ही जर्सी तुम्ही तपासली न्हवं? मी मिठात बुडवली. तुम्ही कशात बुडवून बघितलीवती?’

‘पन्नास धुलाया केल्या. ठरलेल्या साबणाने, शुद्ध पाण्यात.’

‘आणि घाम?’

‘कृत्रिम घाम लावतो आम्ही. लावला होता.’

‘किती बारी?’

‘एकदा. नव्या कापडाला.’

‘एकदा!’ ती ताडकन उठली. ‘आमच्या पोरी काय वर्सातनं एकदाच घाम गाळत्यात व्हय? सकाळी बारा किलोमीटर, सांजच्याला आठ, रोज. त्या घामात मीठ नसतं तर काय साखर असत्या?’

मी तेवीस वर्षं कापड तपासते. परदेशात जाऊन दोन निबंध वाचून आले आहे. आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. मी तांब्यातलं पाणी न पिताच बाहेर पडले.

* * *

आमच्या प्रयोगशाळेत एक घाम गाळणारा पुतळा आहे. त्याच्या अंगात गरम पाणी खेळतं, कातडीला शेकडो बारीक भोकं आहेत, त्यातून हवा तेवढा आणि हवा तसा घाम काढता येतो. आम्ही त्याला दगडू म्हणतो.

तेजलबरोबर पळणारी इरफाना मुजावर, तिची जर्सी मी मागून घेतली. इरफानाच्या आईने तिला मिठाचं बोट लावलं नव्हतं. कंपनीने दिलेल्या सूचना भिंतीवर चिकटवून, त्यांच्याच साबणाने, अक्षरन् अक्षर पाळून ती धुतली होती. फक्त दोन महिने इरफाना ती घालून रोज पळली होती.

दगडूला ती घातली. खोलीचं तापमान एकोणचाळीस. दगडूच्या पोटातलं पाणी हळूहळू चढवत नेलं: अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मग माणूस कोसळण्याआधी होतं तसं त्याचा घाम कमी केला आणि शेवटी तोडलाच. जर्सीत जो दमटपणा होता तेवढ्याने आतलं जुनं मीठ विरघळत राहिलं. पोटातलं पाणी एक्केचाळीस. पट्टी हिरवी. बेचाळीसच्या उंबरठ्यावर. हिरवी! एकदाही पिवळी झाली नाही.

मी ती कंपनीच्या साबणाने पुन्हा धुतली, वाळवली, पुन्हा घातली. सोडियम त्या जेलला असं धरून बसलं होतं की साध्या धुण्याने हलत नव्हतं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. मग नवी कोरी जर्सी काढली, एका दिवसाचा घाम अर्ध्या तासात, अशा हिशेबाने तिला रात्रंदिवस दगडूचा घाम पाजत राहिले. बावन्नाव्या दिवसाच्या घामाला तीही थापा मारायला लागली.

शालनच्या बादलीने एका दुपारात जे केलं होतं ते प्रत्येक पोराचं अंग दोन महिन्यांत करणार होतं. खूप घाम गाळणारं पोर, म्हणजे खूप मेहनत करणारं पोर, आधी मरणार होतं. आळशी वाचणार होते. असं हे कापड मी पास केलं होतं.

कंपनीला हे ठाऊक होतं का? मला पुरावा मिळाला नाही, पण सूचनांच्या चौथ्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘उत्तम कामगिरीसाठी दर पंचेचाळीस दिवसांनी जर्सी बदलावी.’ उत्तम कामगिरी म्हणे. जिवंत राहणं ही कामगिरी!

संध्याकाळी भूपालसमोर मी आलेखाचे कागद टाकले. तो उद्यापासूनच्या मुक्कामाची यादी करत होता. राज्य स्पर्धा रविवारी अकराला. चारशे वीस पोरं, त्यातली बारा त्याची.

‘बघा हे,’ मी म्हटलं. ‘आणि तुमच्या बाराजणांना ही घालू देऊ नका.’

त्याने कागद पाहिले. त्याला आलेख कळतात. ‘जर्सी नसेल तर उभंच राहू देत नाहीत, पद्मा. वर्षभर राबलीत पोरं.’

‘मग नका उभी करू!’

‘तुझी सही आहे त्यावर,’ तो एकदम ओरडला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हा माणूस घरात कधी ओरडला नव्हता. ‘तू पास म्हटलंस म्हणून मी विश्वास ठेवला. तुझी सही बघून मी पोरांच्या आईबापांना सांगितलं, घाबरू नका, आमच्या घरातूनच तपासून आलीय.’

‘आणि तुम्ही? वीस वर्षं पोरं पळवताय. ती तुमच्यासमोरून गेली. तुम्हांला दिसलं नाही?’

त्याने यादीचा कागद उलटा ठेवला. ‘मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही,’ तो म्हणाला. ‘पट्टीकडं बघितलं.’

त्या संध्याकाळी आम्ही दोघं एका घरात दोन परक्या माणसांसारखे जेवलो.

* * *

शनिवारी बारा वाजता स्टेडियमच्या छपराखालच्या सावलीत बैठक बसली. टेबलाच्या मधोमध संघटनेचे सचिव रणनवरे, शेजारी कंपनीचे लुकतुके. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अस्सल सुती. मी कापडाची माणूस, मला लांबूनच कळतं. दुसऱ्यांच्या पोरांना प्लॅस्टिक घालणारा हा गृहस्थ स्वतः सुतात बसला होता.

‘शालनताईंविषयी आम्हांला पूर्ण सहानुभूती आहे,’ लुकतुके म्हणाले. ‘कोणावर ठपका ठेवायचा प्रश्नच नाही. फक्त वस्तुस्थितीची नोंद व्हावी, इतकंच.’ आणि त्यांनी टाइप केलेला कागद शालनपुढे सरकवला. पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं.

‘सही करू नका,’ मी म्हटलं आणि माझे आलेख मांडले, शेजारी इरफानाची जर्सी ठेवली. दहा मिनिटं बोलले. रणनवरे ऐकत होते, अधूनमधून घड्याळ बघत होते. बाहेर मैदानावर प्रक्षेपणवाल्यांचे खांब उभे राहत होते.

‘ही चाचणी कोणत्या प्रमाणकानुसार केलीत?’ लुकतुकेंनी विचारलं.

‘माझ्या अकलेनुसार.’

‘तसं चालत नाही ना, मॅडम. प्रमाणकानुसार केलेली चाचणी आमच्याकडे आहे. पन्नास धुलाया, पास. खाली सही आहे पद्मजा मगदूम.’

‘ते प्रमाणपत्र मी मागे घेते.’

‘त्याला प्रक्रिया असते. समिती असते. सहा महिने तरी.’ ते हसले. ‘आपणच आपल्याला नापास कसं करणार?’

दुर्दैव असं की माणूस खरं बोलत होता. आणि तेव्हा शालन उठली. तिने टेबलावरची इरफानाची जर्सी उचलली आणि लुकतुकेंपुढे धरली.

‘घाला.’

‘काय?’

‘ही घाला आणि बाहेर दहा चकरा मारा. हिला मीठ लावल्यालं न्हाई. तुमच्याच साबणानं धुतलीया, तुमच्या कागदावर लिवलंय तशी. मग काय भ्याव हाय तुमास्नी? घाला की.’

‘अहो ताई, दुसऱ्याची वापरलेली...’

‘आमच्या पोरी वापरल्यालीच घालत्यात. रोज नवी कुठली?’

लुकतुकेंनी रणनवऱ्यांकडे पाहिलं. म्हणाले, मला रक्तदाब आहे. म्हणाले, हा विषय असा भावनेच्या भरात घ्यायचा नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते जर्सीला बोटही लावेनात. शालन हात लांब करून तशीच उभी राहिली.

‘द्या इकडं,’ मागे खांबाला टेकून उभा असलेला भूपाल म्हणाला.

मला काही कळायच्या आत त्याने शर्ट काढून जर्सी अंगात घातली. घट्ट बसली. एक्कावन्न वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं.

‘अहो, काय करताय?’ मी त्याचा दंड धरला.

‘बघायचं राहिलं होतं, ते आता सगळे बघू देत,’ तो म्हणाला आणि माझा हात सोडवून उन्हात उतरला.

पहिल्या तीन फेऱ्या तो झकास पळाला. पट्टी हिरवी. रणनवरे खुर्ची पुढे ओढून बसले. लुकतुके म्हणाले, ‘बघा, काही होत नाहीये.’ भूपालला एक सवय आहे. पळताना तो डाव्या भुवईवरचा घाम अंगठ्याने निपटतो. पाचव्या फेरीला निपटला. सहाव्यालाही. सातव्या फेरीला तो आमच्यासमोरून गेला आणि त्याचा हात वर गेला नाही.

‘थांबा!’ मी ओरडले.

‘गार वाटतंय!’ तो ओरडला, हसत. ते हसू काही बरं नव्हतं.

‘डॉक्टर, थांबवा त्याला,’ मी रुग्णवाहिकेजवळच्या तरुण डॉक्टरला सांगितलं. तो पोरगा दुर्बिणीतून गळ्याकडे बघत होता. ‘हिरवी आहे, मॅडम. मला थांबवता येत नाही.’ नियम स्पर्धेचा होता आणि हा बैठकीचा दिवस होता, पण त्या बिचाऱ्याला तेवढंच शिकवलेलं होतं.

मी पायऱ्या उतरत होते. माझ्याआधी तेजल उतरली. ती मघापासून कठड्याला धरून उभी होती, आणि आमच्यापैकी फक्त तीच पट्टीकडे बघत नव्हती. तिने भूपालचं तोंड बघितलं होतं. सुजलेल्या घोट्यांनी, चपला टाकून, ती पोरगी तापलेल्या मैदानावर धावत सुटली.

‘तेजल, पळू नगंस!’ मागून शालनची किंकाळी आली. ‘पळू नगंस गं!’

ती पळाली. साठ-सत्तर मीटर असेल. आठव्या फेरीच्या वळणावर तिने भूपालला समोरून मिठी मारली, आणि दोघंही मातीत पडली.

मी पोचले तेव्हा त्याची कातडी कोरडी होती, वाळायला टाकलेल्या पापडासारखी. तो मला ओळखत नव्हता. मला ‘आई’ म्हणाला. शालनने पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार खांद्यावर उचलून आणला होता, तो तिने त्याच्यावर आणि तेजलवर ओतला. डॉक्टर आता धावत आला. ताप चाळीस पूर्णांक आठ.

रणनवरे स्वतः मैदानात आले होते. खाली वाकून ते भूपालच्या गळ्याकडे बघत राहिले. ओल्या जर्सीवर ती पट्टी छान चमकत होती, हिरवी.

‘तांत्रिकदृष्ट्या,’ मागून लुकतुके म्हणाले, ‘वापरकर्त्याचं वय बघता...’

‘तुम्ही गप्प बसा हो,’ रणनवरे म्हणाले.

* * *

स्पर्धा रविवारी पहाटे सहाला झाली. दर दोन किलोमीटरला पाणी, जर्सीची सक्ती नाही. कोणी शाळेची जुनी बनियन घातली, कोणी साधं पॉलिस्टर. विक्रम एकही झाला नाही. पडलंही कोणी नाही. प्रक्षेपणवाले दोन तास उशिरा उठले आणि चिडून निघून गेले, ते एक बरं झालं.

भूपाल तीन दिवसांनी घरी आला. मी त्याला आल्या आल्या झापलं, आणि मग रडले. तो म्हणाला, तुझा पुतळा बोलत नाही ना, म्हणून मी पळालो. माझ्यावर प्रयोगशाळेने चौकशी लावली आहे, प्रमाणकाबाहेर चाचणी केल्याबद्दल. लावू देत. जर्सी अजून विकली जाते आहे, ‘केवळ हौशी वापरासाठी’ असं लेबल लावून. हौशी माणसांना घाम येत नाही असं त्यांचं म्हणणं असावं. प्रमाणकात घामाची चाचणी एकदाच्या ऐवजी साठ वेळा करावी, असं मी लिहून पाठवलं आहे. उत्तर नाही. दर सोमवारी पुन्हा पाठवते.

कंपनीने आपला अहवाल बदलला. नवं पान हातात घेऊन मी शालनकडे गेले. ती मागाच्या खोलीत ताण्यापुढे बसली होती, बोटं चालू होती. ‘आईने केलेली चुकीची धुलाई’ हे शब्द गेले होते, त्या जागी ‘वापरातील मर्यादा’ असं आलं होतं. मी ते तिला वाचून दाखवलं. त्याच्याबरोबर मी माझ्या हाताने लिहिलेला एक कागदही आणला होता, प्रयोगशाळेच्या शिक्क्यासह. मिठाची बादली हे कारण नाही, बादली नसती तरी हेच झालं असतं, आणि ते तपासायला हवं होतं ते मी तपासलं नाही, असं त्यात होतं.

‘तुमची चूक नव्हती, शालनताई,’ मी म्हटलं. ‘लिहून दिलंय मी.’

तिने कागद घेतला. वाचला. घडी घालून पोलक्यात ठेवला. मग पुन्हा धागा उचलून फणीत ओवला.

‘ते कळलं मला,’ ती म्हणाली. ‘डॉक्टर म्हणाले, आता उन्हात पळायचं न्हाई. मी इचारलं, कवापातुर? तर गप बसले.’ तिने पुढचा धागा उचलला. ‘तुमच्याकडं शिक्का हाय न्हवं? माझी पोरगी परत कवा पळणार, तेबी द्या की लिहून. शिक्का मारून.’

मी पेन काढून उभी होते. तिची बोटं चालूच होती. मग मी पेन पर्समध्ये ठेवलं आणि बाहेर आले.